टेस्ट पास झाली, पण मागे कोण राहिलं?

गो या प्रोग्रॅमिंग भाषेत गोरूटीन (बाकीच्या कोडसोबत एकाच वेळी चालणारं हलकं काम) सुरू करायला एक छोटासा कीवर्ड पुरतो आणि चालू असलेली गोरूटीन बाहेरून बंद करायला भाषेत काहीच नाहीये. म्हणजे खरंच काही नाही, अमुक गोरूटीनला मार असं सांगणारं फंक्शनच दिलेलं नाही, तिचं फंक्शन संपलं की ती संपते नाहीतर प्रोसेससोबत जाते. हे मुद्दाम तसं ठेवलंय आणि मला ते पटतं पण, कारण मध्येच मारलेल्या थ्रेडने (ऑपरेटिंग सिस्टीमच्या तशाच पण जड कामाने) हातात धरलेलं लॉक (एका वेळी एकालाच वापरू देणारी कडी) कोण सोडणार हा प्रश्न जुन्या लोकांनी भरपूर भोगलाय. पण मग जो सुरू करतो त्यालाच माहीत पाहिजे की ही संपणार कशी. रिव्ह्यूमध्ये मी हे विचारतो, "ही गोरूटीन कधी संपणार?" आणि नव्वद टक्के वेळा उत्तर येतं, "संपेल की."

तर आजची पोस्ट त्या "संपेल की" वर आहे, म्हणजे न संपता मागे अडकून राहणारी गोरूटीन (यालाच लीक म्हणतात) टेस्टमध्ये कशी पकडायची यावर.

आधी थोडं गणित. लिनक्सवर साध्या थ्रेडला डिफॉल्ट ८ एमबीचा स्टॅक राखून ठेवतात (चालू फंक्शनचा हिशेब ठेवायची जागा; व्हर्च्युअल मेमरी, सगळी लगेच वापरात येत नाही), गोरूटीन मात्र २ केबीपासून सुरू होते आणि लागेल तशी वाढते. म्हणून तर लाख लाख गोरूटीन आपण बिनधास्त सोडतो. एक लाख अडकल्या तरी नुसते स्टॅक साधारण २०० एमबी, आजच्या सर्व्हरला हे काहीच नाही असं वाटतं. पण खरा खर्च स्टॅकचा नसतोच, त्या स्टॅकवरून जे जे धरून ठेवलेलं असतं त्याचा असतो. रिक्वेस्ट, तिची बॉडी, डिकोड केलेला भलामोठा स्ट्रक्ट, डेटाबेसचं कनेक्शन, उघडी फाईल, सगळं. आणि गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी परत घेणारा) त्याला हात लावत नाही, कारण अडकलेली गोरूटीन त्याच्या दृष्टीने जिवंतच आहे, तिच्या स्टॅकपासूनच तो शोध सुरू करतो. रनटाइमचा (प्रोग्रामसोबत चालणाऱ्या गो च्या यंत्रणेचा) डेडलॉक डिटेक्टर आहे ना, असं कोणीतरी म्हणतंच. आहे, पण तो प्रोग्राममधल्या सगळ्याच गोरूटीन झोपल्या तर ओरडतो. सर्व्हरमध्ये एक जण पोर्टवर कान लावून बसलेला असतोच, त्यामुळे बाकी दहा हजार अडकल्या तरी तो गप्प.

सगळ्यात जास्त दिसणारा लीक हा असा. एक फंक्शन आत गोरूटीन सुरू करतं, ती बाहेरच्या कुठल्या तरी सर्व्हिसला कॉल करते आणि उत्तर चॅनलवर (गोरूटीननी एकमेकींना व्हॅल्यू द्यायची नळी) टाकते. बाहेरचं फंक्शन सिलेक्ट (जे आधी येईल ते घ्यायचं) लावून बसतं, एकीकडे ते चॅनल आणि दुसरीकडे दोन सेकंदांचा टाइमआउट. टाइमआउट झाला, फंक्शनने एरर दिला आणि निघून गेलं. मग तीन सेकंदांनी त्या बिचाऱ्या गोरूटीनचं उत्तर येतं, ती चॅनलवर टाकायला जाते, चॅनल अनबफर्ड (समोर घेणारा असेल तरच टाकता येतं), घ्यायला कोणी नाही, आणि ती तिथेच कायमची उभी. उपाय एवढाच की चॅनलला एकाचा बफर द्या, म्हणजे ती उत्तर टाकून मोकळी होते, कोणी वाचो न वाचो. एका आकड्याचा फरक आहे.

आता गंमत बघा, या फंक्शनची टाइमआउटची टेस्ट बहुतेक टीमकडे असते. स्लो सर्व्हर उभा करायचा, कॉल करायचा, टाइमआउटचा एरर आला का बघायचं. आला, टेस्ट हिरवी. म्हणजे ज्या टेस्टमध्ये लीक नक्की होतोय तीच टेस्ट छान पास होते, कव्हरेजमध्ये (टेस्टने कुठल्या ओळी चालवल्या त्या नोंदीत) ती ओळ पण हिरवी दिसते. टेस्टची प्रोसेस काही सेकंदांत संपते आणि कर्नल मागचं सगळं झाडून टाकतो, त्यामुळे कोणाला कळायचं कारणच नाही. प्रॉडक्शनमध्ये (खऱ्या वापरातल्या सर्व्हरवर) पण रोज डिप्लॉय होत असेल, म्हणजे नवीन कोड चढत असेल, तर कळत नाही, कारण दर डिप्लॉयला प्रोसेस नवीन, मेमरीचा ग्राफ परत खाली. आमच्याकडे एका सर्व्हिसचं असंच होतं, वर्षभर कोणाची तक्रार नाही आणि दिवाळीच्या कोड फ्रीजमध्ये मेमरी चढायला लागली, कारण तेवढे दिवस कोणी काही डिप्लॉयच केलं नव्हतं. फ्रीज म्हणजे काही बिघडणार नाही असं सगळे धरून चालतात, आणि हा लीक फ्रीजमध्येच वर आला.

मग टेस्टमध्ये पकडायचं कसं. पहिला विचार सगळ्यांच्या डोक्यात तोच येतो, रनटाइम पॅकेजमध्ये चालू गोरूटीनची संख्या देणारं नमगोरूटीन आहे, टेस्टच्या आधी मोजा, नंतर मोजा, वजाबाकी करा. करून बघा, दोन दिवसांत वैताग येईल. गोरूटीनला संपायला सांगितलं आणि ती खरंच संपली यात थोडा वेळ जातो, त्यामुळे आकडा कधी एकने जास्त कधी बरोबर. मग कोणीतरी मध्ये शंभर मिलिसेकंदांचा स्लीप टाकतो, मग सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या मशीनवर) तो पुरत नाही म्हणून पाचशे करतो. शिवाय आधीच्या टेस्टमधली एखादी गोरूटीन नेमकी तुमच्या टेस्टच्या मध्ये संपली तर वजाबाकी शून्य येते आणि खरा लीक झाकला जातो. आणि आकडा वाढला तरी कोण वाढलं हे आकडा सांगत नाही.

मंगल कार्यालय परत देताना मॅनेजर कसा माणसं मोजत बसत नाही, खोल्या उघडून बघतो कोण आत राहिलंय आणि कोणाकडचं आहे, तसं करायला पाहिजे. ऊबरच्या लोकांनी ओपन सोर्स केलेली गोलीक नावाची लायब्ररी हेच करते. टेस्ट संपली की ती रनटाइमकडून सगळ्या गोरूटीनचे स्टॅक मागवते, ते टेक्स्ट वाचते, टेस्टिंग पॅकेजच्या आणि रनटाइमच्या स्वतःच्या गोरूटीन बाजूला काढते आणि उरलेल्यांची यादी स्टॅकसकट तोंडावर मारते. कुठल्या ओळीवर अडकली आणि कोणी सुरू केली होती, दोन्ही कळतं. गो च्या स्टँडर्ड लायब्ररीत एचटीटीपी पॅकेजच्या स्वतःच्या टेस्ट पण शेवटी अशाच उरलेल्या गोरूटीन तपासतात, म्हणजे ही काही फॅन्सी कल्पना नाहीये, भाषा बनवणाऱ्यांनाही ते लागतं.

वापरायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे प्रत्येक टेस्टमध्ये डीफर करून (म्हणजे टेस्ट संपताना चालेल असं) गोलीकचं व्हेरिफायनन लावायचं, दुसरी म्हणजे पॅकेजच्या टेस्टमेनमध्ये (त्या पॅकेजच्या सगळ्या टेस्ट चालवणाऱ्या फंक्शनमध्ये) एकदाच व्हेरिफायटेस्टमेन. पहिलीत कुठल्या टेस्टने घाण केली ते लगेच कळतं पण टेस्ट पॅरलल चालवत असाल तर ती चालत नाही, कारण कोणती गोरूटीन कोणत्या टेस्टची हे सांगायला रनटाइमकडे काही खूण नाही. दुसरी पॅरललमध्ये चालते पण गुन्हेगार टेस्ट सांगत नाही, मग टेस्टची बायनरी बनवून एकेक टेस्ट वेगळी चालवून शोधावं लागतं. आणि एक लक्षात ठेवा, दुसऱ्या पद्धतीत आधीच एखादी टेस्ट फेल असेल तर लीकची तपासणी होतच नाही. बरोबरच आहे म्हणा, फेल झालेली टेस्ट अर्धवट सोडून आलेली असते, तिथे लीक शोधून काय करणार.

पहिल्या दिवशी लावल्यावर जो आरडाओरडा होतो त्यातला निम्मा एचटीटीपीचा असतो. यादीत रीडलूप आणि राइटलूप अशी जोडी दिसली की समजायचं एक कनेक्शन उघडं आहे. गो चा एचटीटीपी क्लायंट प्रत्येक जिवंत कनेक्शनमागे या दोन गोरूटीन ठेवतो. रिस्पॉन्सची बॉडी बंद केली नसेल तर हा खरा लीक. पण बॉडी नीट वाचून बंद केली तरी कनेक्शन पुढच्या रिक्वेस्टसाठी राखून ठेवलेलं असतं, डिफॉल्ट ट्रान्सपोर्टमध्ये (ट्रान्सपोर्ट म्हणजे क्लायंटचा कनेक्शन सांभाळणारा भाग) ९० सेकंद, आणि तेवढा वेळ ती जोडी यादीत दिसणार. यात लोक जाम गोंधळतात कारण एका टेस्टमध्ये दिसतं आणि दुसऱ्यात दिसत नाही. कारण असं आहे की टेस्टसाठीचा जो सर्व्हर मिळतो तो बंद करताना डिफॉल्ट ट्रान्सपोर्टची रिकामी कनेक्शन पण उपकार म्हणून बंद करून टाकतो. तुम्ही स्वतःचा ट्रान्सपोर्ट बनवला असेल तर तो उपकार पूर्ण मिळेलच असं नाही, तिथे शेवटी क्लोजआयडलकनेक्शन्स स्वतः बोलवा. डेटाबेसचं पण तसंच, एसक्यूएल ओपन केलं की कनेक्शन उघडण्यासाठी एक गोरूटीन मागे बसते, डीबी क्लोज केल्याशिवाय ती जात नाही.

उरलेला निम्मा आरडाओरडा दुसऱ्यांच्या लायब्ररींचा. इम्पोर्ट केल्या केल्या इनिट फंक्शनमध्ये गोरूटीन सुरू करणाऱ्या लायब्ररी आहेत, ग्लॉगचा फ्लश डीमन आणि ओपनसेन्ससचा वर्कर हे दोघं तर इतके प्रसिद्ध आहेत की कुठल्याही कंपनीच्या इग्नोअर लिस्टमध्ये (गोलीकने सोडून द्यायच्या गोरूटीनच्या यादीत) पहिले सापडतील. त्या प्रोसेसभर एकच असतात, वाढत नाहीत, त्यांना वगळायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती इग्नोअरकरंट सगळीकडे चिकटवण्याला, म्हणजे आत्ता जे आहेत ते सगळे माफ. एका टेस्टने लीक केला तर पुढच्या टेस्टसाठी तो "आधीपासूनच होता" होतो. आमच्याकडे एका व्हेंडरच्या एसडीकेसाठी (त्यांनी दिलेल्या लायब्ररीसाठी) म्हणून एक ओळ वगळली होती, टॉप फंक्शनच्या नावाने, आणि ते टॉप फंक्शन निघालं नेटवर्क पोलमध्ये थांबणारं एकदम जनरल फंक्शन. झालं, नेटवर्कवर अडकलेली कुठलीही गोरूटीन माफ. तेव्हापासून इग्नोअर लिस्टमध्ये ओळ वाढवायची तर नाव त्या लायब्ररीचंच पाहिजे आणि शेजारी कारण लिहिलेलं पाहिजे, नाहीतर मी अप्रूव्ह करत नाही, म्हणोत खडूस.

आता मला जे खरं सांगायचंय ते. गोलीकला उरलेली गोरूटीन दिसली की ती लगेच फेल करत नाही, थोडं थांबून परत बघते, थांबायचा वेळ दरवेळी दुप्पट, जास्तीत जास्त १०० मिलिसेकंद, असं वीस वेळा. एकूण मिळून अर्ध्या सेकंदाच्या आत. ही सवलत चांगल्या मनाने दिलीय पण तिच्यामुळे एक गोष्ट झाकली जाते. समजा तुमच्या टाइपला क्लोज मेथड आहे, ती आतल्या गोरूटीनला थांबायचा सिग्नल देते आणि लगेच परत येते, ती थांबली का ते बघत नाही. लॅपटॉपवर ती गोरूटीन पुढच्या मिलिसेकंदात संपते, टेस्ट पास. सीआयच्या दमलेल्या मशीनवर तिला कधीतरी अर्धा सेकंद मिळतच नाही, टेस्ट फेल. मग टीमच्या चॅटवर मेसेज येतो, लीक टेस्ट फ्लेकी (कधी पास कधी फेल) आहे, रीट्राय वाढवू का. अरे ती फ्लेकी नाहीये, ती सांगतेय की तुमचं क्लोज खोटं बोलतंय! क्लोज परत आलं म्हणजे काम संपलं असं कॉल करणारा धरून चालतो, तो लगेच खालची फाईल बंद करतो, लॉगर बंद करतो, टेम्प डिरेक्टरी उडवतो, आणि ती गोरूटीन अजून त्याच फाईलमध्ये शेवटचा बॅच लिहितेय. प्रॉडक्शनमध्ये शटडाउनला शेवटचे चार रेकॉर्ड गायब होतात ते इथेच, आणि त्याचं खापर मात्र कुबरनेटीसवर (सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेवर) फुटतं.

म्हणून माझ्या मते लीक टेस्टचा खरा फायदा लीक सापडणं हा दुय्यमच, ती तुम्हाला क्लोज नीट लिहायला लावते. सिग्नल द्या, आणि वेटग्रुपवर (किती गोरूटीन अजून चालू आहेत ते मोजणारा) थांबा, मगच परत या. कॉन्टेक्स्ट (आता थांबा हा निरोप आत पोचवणारी वस्तू) कॅन्सल करणं हे फक्त सांगणं झालं, ऐकलं का हे वेगळं. आणि गोरूटीन सुरू करणाऱ्या फंक्शनने थांबायचा मार्ग परत दिलाच पाहिजे, कॉन्टेक्स्ट घ्या किंवा क्लोज द्या, काहीही चालेल. गो १.२५ पासून वेटग्रुपलाच गो नावाची मेथड आलीय, ॲड आणि डनचा हिशेब स्वतः ठेवायची गरज नाही, त्यामुळे आता आळसाचं पण कारण उरलं नाही.

बरं, डिटेक्टर लावला तरी तो फक्त टेस्ट ज्या वाटेने जाते तिथलंच बघणार. आणि लीक हॅपी पाथवर (सगळं सुरळीत होतं त्या वाटेवर) क्वचितच असतो हो. तीन ठिकाणी पॅरलल कॉल, तिघं एकाच चॅनलवर एरर टाकणार, पहिला एरर आला की रिटर्न. सगळं यशस्वी झालं तर तिन्ही वाचले जातात, काही उरत नाही. पहिलाच फेल झाला तर उरलेले दोघं अडकले. त्यामुळे प्रत्येक असं फंक्शन असेल तिथे मी तीन टेस्ट मागतो: पहिलाच कॉल फेल, मध्येच कॉन्टेक्स्ट कॅन्सल, आणि वाचणारा अर्ध्यात सोडून गेला. शेवटची लोक विसरतात. चॅनल परत देणारं फंक्शन असेल आणि कॉल करणाऱ्याने दोन व्हॅल्यू वाचून ब्रेक केलं तर टाकणाऱ्याचं काय, हे कोणी बघतच नाही. गो व्हेट (कोड न चालवता चुका शोधणारं टूल) कॉन्टेक्स्टचं कॅन्सल फंक्शन फेकून दिलेलं पकडतं, पण ते कोडच्या एका तुकड्यापुरतं, अशा गोष्टी त्याला कळत नाहीत.

टिकरचा (ठराविक वेळाने चॅनलवर टिक टाकणारा) एक खास किस्सा आहे. गोरूटीनमध्ये टिकरच्या चॅनलवर रेंज लावून लूप, आणि बाहेरून टिकर स्टॉप. स्टॉप केलं की टिक यायचं बंद होतं, पण चॅनल क्लोज होत नाही, त्यामुळे तो लूप कधीच न येणाऱ्या टिकची वाट बघत बसतो. गो १.२३ मध्ये टायमरचं काम बदललं, कोणाच्या हातात नसलेला टिकर स्टॉप न करताही गार्बेज कलेक्टर उचलतो आता, त्यावरून बऱ्याच जणांनी धरलं की हा प्रश्नच मिटला. टिकरचा मिटला. गोरूटीनचा नाही.

फाईल डिस्क्रिप्टरबद्दल (उघड्या फाईलला किंवा कनेक्शनला मिळणारा नंबर) पण सांगतो कारण शेवटी दुखतं ते तिथे. लिनक्सवर टेस्टमध्ये प्रॉक फाईलसिस्टीममधली स्वतःच्या प्रोसेसची एफडी डिरेक्टरी वाचली की किती उघडे आहेत आणि कशाकडे बोट दाखवतायत ते कळतं. फक्त पहिली मोजणी करायच्या आधी एकदा नेटवर्क किंवा फाईल वापरून घ्या, कारण रनटाइम स्वतःचे एपोलचे (कुठल्या कनेक्शनवर काही आलं ते सांगणारी लिनक्सची सोय) डिस्क्रिप्टर पहिल्या वापराला उघडतो आणि ते लीकसारखे दिसतात. दुसरं म्हणजे गो मध्ये विसरलेली फाईल गार्बेज कलेक्टर उचलताना बंद करून टाकतो, त्यामुळे हा लीक कलेक्टरच्या मूडवर दिसतो किंवा दिसत नाही. पण तीच फाईल अडकलेल्या गोरूटीनच्या हातात असेल तर कलेक्टर तिथे पोहोचतच नाही, मग ती प्रोसेस मरेपर्यंत उघडी. म्हणून आधी गोरूटीनचे लीक काढा, डिस्क्रिप्टरचे निम्मे आपोआप जातात. आणि गो १.१९ पासून प्रोग्राम सुरू होताना उघड्या फाईलची सॉफ्ट लिमिट (सध्या लागू असलेली मर्यादा) स्वतःच हार्ड लिमिटपर्यंत (कमाल मर्यादेपर्यंत) वाढवली जाते, त्यामुळे पूर्वी १०२४ ला आपटून लवकर कळायचं ते आता फार उशिरा कळतं. सोय झाली पण अलार्म गेला.

नवीन कोडसाठी मात्र मी आता गोलीकच्या आधी गो च्या स्टँडर्ड लायब्ररीतलं सिंकटेस्ट वापरतो. गो १.२४ मध्ये प्रयोग म्हणून आलं, १.२५ मध्ये पक्कं झालं. टेस्ट एका बुडबुड्यात चालते, आत सुरू झालेल्या सगळ्या गोरूटीन त्या बुडबुड्याच्या, आणि घड्याळ खोटं, ते १ जानेवारी २००० पासून सुरू होतं आणि सगळे थांबले की थेट पुढच्या टायमरवर उडी मारतं. टेस्ट फंक्शन संपलं तरी बुडबुडा आतली प्रत्येक गोरूटीन संपेपर्यंत थांबतो, आणि सगळ्या कायमच्या अडकल्यात, पुढे एकही टायमर नाही असं दिसलं की डेडलॉक म्हणून पॅनिक, म्हणजे टेस्ट तिथेच कोसळते. म्हणजे वर सांगितलेला टाइमआउटचा लीक इथे रीट्राय नाही, स्लीप नाही, दोन सेकंद खरी वाट पण नाही, लगेच आपटतो. मर्यादा एवढीच की खऱ्या सॉकेटवर किंवा म्युटेक्सवर (म्हणजे लॉकवर) थांबलेली गोरूटीन त्याच्या हिशेबात अडकलेली धरली जात नाही, म्हणून नेटवर्कच्या जागी मेमरीतला पाइप वापरा.

जुन्या कोडला हे सगळं एकदम लावायला जाऊ नका, पूर्ण रेपो लाल होईल आणि मॅनेजर तुमचा पीआर (कोडमधला बदल) रिव्हर्ट करेल. ऊबरने २०२४ मध्ये पेपर लिहिला त्यात त्यांच्याच कोडमध्ये आधीपासून पडून असलेले ८५७ लीक गोलीकने दाखवले आणि वर्षभरात साधारण २६० नवीन अडवले असा आकडा आहे. ८५७ सगळे आज सोडवू म्हटलं असतं तर पहिल्याच आठवड्यात टूल बंद पडलं असतं. पॅकेजनुसार लावा, नवीन पॅकेजला सक्तीने, जुन्याला यादी ठेवून, आणि यादी फक्त कमी होऊ द्यायची.

टेस्टमधून सुटलेलं प्रॉडक्शनमध्ये पीप्रॉफच्या (चालू प्रोग्रामच्या आत बघायचं गो चं टूल) गोरूटीन प्रोफाइलमध्ये दिसतं, एकसारखे स्टॅक एकत्र करून आकड्यासकट मागा, एकाच ओळीवर चार हजार जण उभे दिसले की शोधायचं काही उरतच नाही. पूर्ण डंप घेतला तर कोण किती मिनिटं थांबलंय ते पण लिहून येतं. गो १.२६ मध्ये प्रयोग म्हणून खास लीक प्रोफाइल आलंय, ते गार्बेज कलेक्टरचीच युक्ती उलटी वापरतं: गोरूटीन ज्या चॅनलवर थांबलीय ते चॅनल कुठल्याच चालू शकणाऱ्या गोरूटीनच्या हाताला लागत नसेल तर तिला कोणी उठवूच शकत नाही, म्हणजे लीक नक्की. खोटा अलार्म नाही, हे भारी आहे. पण चॅनल ग्लोबल व्हेरिएबलमध्ये असेल, किंवा एखाद्या चालू गोरूटीनच्या स्ट्रक्टमध्ये नुसतंच पडलेलं असेल, तर त्याच्या मते अजून आशा आहे आणि तो ती गोरूटीन दाखवत नाही. आमच्या त्या दिवाळीवाल्या सर्व्हिसमध्ये चॅनल ग्लोबल मॅपमध्येच होतं, त्यामुळे तिथे हे प्रोफाइल लावलं असतं तरी काही दिसलं नसतं, टाइमआउटच्या टेस्टमध्ये व्हेरिफायननची एक ओळ असती तर दिसलं असतं.